याद्या करणारी माणसं

ग्रंथालयशास्त्राच्या आद्यप्रवर्तकांची नावं घ्यायची म्हटली की आपण मेल्विल ड्युईपासून सुरुवात करतो आणि रंगनाथनांपाशी हात जोडून थांबतो. 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, रंगनाथनांच्या तसबिरीला हार, त्यांच्या पाच सूत्रांचं वाचन, मग चहा. यात गैर काहीच नाही. पण अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतची वाचनालयं ज्यांच्या जिवावर उभी राहिली, त्यांतले बरेच जण ग्रंथपाल नव्हतेच. त्यांचं शास्त्र म्हणजे चिकाटीनं केलेली यादी.

मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणं. तिथे 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे विनायक लक्ष्मण भावे मिठागरांच्या व्यवसायातले. मराठीत छापलेलं पुस्तक मराठी माणसानंच जपलं पाहिजे, ही त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची जिद्द. पाचच वर्षांनी, 1898 मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. पुढे वस्ती दादरच्या पुढे सरकत गेली तसं हे वेड लोकलबरोबर उपनगरांत आलं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 चा. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयाला न. चिं. केळकरांचं नाव आहे. संस्था आधी, वाचनालय तिच्या पोटात आणि ग्रंथपाल बहुधा संध्याकाळी कचेरीतून परतलेला कुणी सभासद, असा हा घाट.

शिकलेला ग्रंथपाल हवा, ही कल्पना आपल्या बाजूला आणली सयाजीराव गायकवाडांनी. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डनना बडोद्याला बोलावलं, ग्रंथपालांचे वर्ग चालवले, खेड्यांत फिरती ग्रंथालयं पाठवली, आणि हे सगळं मोफत. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले 1924 मध्ये. म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेला हा राजा त्यांच्या बराच आधीचा. सयाजीरावांच्या नावाचा उल्लेख ग्रंथपाल दिनी क्वचितच ऐकू येतो.

मला मात्र सगळ्यांत मोठे वाटतात ते शंकर गणेश दाते. 1800 ते 1937 या काळात मराठीत काय काय छापलं गेलं, हे एका माणसानं ठिकठिकाणच्या संग्रहांतली पुस्तकं धुंडाळून नोंदवायचं ठरवलं. लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या असं एकेक पुस्तक टिपत आणि विषयवार लावत 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध झाली. 1938 ते 1950 चा दुसरा खंडही त्यांनीच केला. संगणक नाही, पदरी माणसं नाहीत. पुढचं काम शरद केशव साठे यांनी अंगावर घेतलं. अमुक कादंबरीची पहिली आवृत्ती कधीची, असा प्रश्न पडला की आजही अभ्यासक दात्यांची सूची उघडतात. रंगनाथनांच्या चौथ्या सूत्रात वाचकाचा वेळ वाचवण्याची गोष्ट आहे. मराठी वाचकाचा वेळ दात्यांइतका कुणी वाचवला असेल असं वाटत नाही.

परदेशी पद्धती आपल्या कपाटात कशा बसल्या, तेही जवळून पाहावं. ड्युईच्या दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला 820 हा ऐसपैस विभाग मिळाला आणि मराठीला 891.46. मराठी कथा-कादंबरी 891.463. उपनगरातल्या वाचनालयात निम्म्याहून जास्त देवघेव कादंबऱ्यांची. सगळ्यांच्या पाठीवर तोच आकडा लिहून उपयोग काय? म्हणून ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेल्या पुस्तकावर 'क' आणि खाली दाखल क्रमांक, एवढ्यावर काम भागतं. काउंटरवरची बाई मात्र क्रमांक न बघताच पुस्तक काढून देते आणि ''हे तुम्ही मागे नेलंत'' असंही सुनावते. विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडणारी रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत 1933 ची. बुद्धीनं ती ड्युईच्या कितीतरी पुढे, पण रोजच्या वापराला जड. या वाचनालयांत ती रुजली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

आणि याच उपनगरांच्या दुसऱ्या टोकाला, ट्रॉम्बेत, अगदी वेगळं जग होतं. अणुविषयक लेखनाची जागतिक नोंद ठेवणारी 'आयनिस' ही यंत्रणा 1970 मध्ये व्हिएन्नातून सुरू झाली आणि भारतातल्या लेखनाच्या नोंदी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ग्रंथालयातून तिकडे जाऊ लागल्या. पवईला आयआयटीचं ग्रंथालय होतं. माहितीशास्त्र म्हणतात ते इथे, घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. पण ट्रॉम्बेची सूची जगाला दिसत होती आणि शेजारच्या गल्लीतल्या वाचनालयात कोणती पुस्तकं आहेत ते सभासदालाही धड ठाऊक नव्हतं.

दोष कुणाचा? थोडा कायद्याचा. मुंबई सरकारनं 1939 मध्ये आसफ फैझींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं ग्रंथालयांची उतरंड आखून दिली. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला तो 1967 मध्ये. रंगनाथन आयुष्यभर ग्रंथालय-कराचा आग्रह धरत होते. महाराष्ट्रानं तो कर लावला नाही. अ, ब, क, ड वर्ग ठरले, अनुदान ठरलं, बाकी भार वर्गणी, देणग्या आणि दिवाळी अंकांच्या खास योजनेवर. हा अंक तुमच्यापैकी काही जण तशाच योजनेतून वाचत असतील.

एसएनडीटी विद्यापीठात 1961 पासून ग्रंथालयशास्त्र शिकवलं जातं, कोहासारखी ग्रंथालयांसाठीची संगणकप्रणाली फुकट मिळते, आणि उपनगरांतल्या कपाटांत आता कुठेच न मिळणारी पुस्तकं आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी या पुस्तकांच्या यादीहून चांगला विषय कोणता? वाचनालयांनी आपल्या दाखल नोंदवह्या त्यांच्यापुढे उघडाव्यात. जुनी पुस्तकं रद्दीत काढायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत आला, तर आधी यादी झाली आहे का, एवढं सभासदांनी उभं राहून विचारावं.