विश्लेषण : वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर चिक्की का बाधते?

लोणावळ्याच्या बाजारात चिक्की चाखल्याशिवाय पुढे जाणे अवघड. पण लठ्ठपणासाठी 'बायपास' करून घेतलेल्या व्यक्तीला गुळाचा तोच तुकडा घाम फोडू शकतो. गोड पदार्थ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतो आणि धडधड, चक्कर, जुलाब सुरू होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून गरगरते. डॉक्टर याला 'डम्पिंग' म्हणतात.

शस्त्रक्रियेत बदलते काय?

'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग कायमचा काढून टाकतात. 'बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तेव्हा किती किलो घटले याचीच बातमी होत होती. पुढे वर्षानुवर्षे कराव्या लागणाऱ्या तपासण्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

गोळ्या किती दिवस?

आयुष्यभर. वजन उतरले, आता कशाला गोळ्या, असे म्हणून दुसऱ्या वर्षी त्या बंद करणारे अनेक असतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व हळूहळू घटते, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, दम लागणे, हाडे ठिसूळ होणे. बी-१२ची अडचण आपल्याकडे आधीपासूनच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूला जिल्ह्यातील खेड्यांमधल्या सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ते कमी आढळले होते, तेही कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसताना. शाकाहारी रुग्णांनी म्हणूनच जास्त जपावे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये.

गावच्या डॉक्टरांना सांगितले का?

शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते, पण ताप, कंबरदुखीसाठी माणूस कामशेत किंवा वडगावच्या दवाखान्यातच जातो. भातलावणीच्या दिवसांत गुडघे दुखले की औषधाच्या दुकानातून गोळी आणायची सवय तर घरोघरी आहे. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, धूम्रपानानेही तेच. दारू लवकर आणि जास्त चढते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा.

तपासणी कधी?

पहिल्या वर्षी साधारण तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात; नंतर दरवर्षी. रक्त तळेगावात देऊन अहवाल सर्जनना फोनवर पाठवता येतो का, हे आधीच विचारून घ्यावे. दरवेळी लोकल पकडावी लागत नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाणही याच भेटींत बदलते. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवावी. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढली तर तेही सांगावे.

थांबू नये असे काय?

उलट्या थांबतच नसतील तर बी-१ संपून मेंदूला इजा होऊ शकते. अशा वेळी सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी बी-१ द्यावे लागते, म्हणून शस्त्रक्रियेची माहिती दारातच द्यावी. पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वजन घटताना पित्ताशयात खडे होतात. बायपासला पाच वर्षे झाली असली, तरी अचानक पोटात जोरदार कळ आली तर ॲसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नये. आतडे आत अडकलेले असू शकते आणि अशा वेळी सीटी स्कॅन व सर्जन असलेले रुग्णालयच गाठावे लागते.