तलवारबाजी: हात मंद नाही, अंतर चुकतंय

पीएचडीच्या चौथ्या वर्षी, बसून बसून पाठ आखडली म्हणून मुलुंडला तलवारबाजीच्या नवशिक्यांच्या वर्गाला जायला लागले. पहिल्या दिवशी समोरच्याचा प्रत्येक वार लागला. वाटलं, आपला हातच मंद! पण गोष्ट वेगळी निघाली.

दिवा दिसला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. पर्याय वाढले की हा वेळ वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगातून दाखवलं. आता इपी हा प्रकार घ्या. त्यात दोघांचे वार ४० मिलिसेकंदांच्या आत लागले, तरच दोघांनाही गुण मिळतो. म्हणजे वार लागल्यावर उत्तर द्यायला गेलात, तर उशीर झालेलाच असतो.

उपाय पायांत आहे. पाऊल टाकल्याशिवाय समोरचा पोचूच शकणार नाही एवढं अंतर ठेवायचं. मग त्याचं पाऊल हीच आपली आगाऊ सूचना. म्हणूनच सुरुवातीला तलवार कमी आणि गुडघे वाकवून पुढे-मागे चालणं जास्त. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात, पण तोल सुधारतो.

लॅबमध्येही ‘मला जमत नाही’ असं लिहून टाकण्याआधी नेमकं काय चुकतंय, ते आधी मोजून बघा.