तारेच्या आतलं सोलापूर

सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही चालतो. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी पुरतं. हे नाव कुठून आलं, हे मात्र शहरातल्या पुष्कळांना माहीत नसतं. या भागात एकेकाळी काटेरी तारांचं कुंपण होतं. आत कैकाडी, पारधी, भामटा-टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबं ठेवलेली होती. त्यांतल्या कित्येकांवर कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीत जन्माला येणं एवढंच तिथं पोचायला पुरेसं होतं.

या सगळ्याचं मूळ 1871 सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं असं, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तसा चोराचा मुलगा चोर होणारच. जातिव्यवस्थेचं हे अर्धवट आकलन थेट फौजदारी कायद्यात उतरलं. याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. त्यांचीही नोंदवही ठेवायची, आणि बाईच्या वेशात चारचौघांत दिसल्यास किंवा नाचल्यास शिक्षा करायची, असं त्यात लिहिलं होतं. घर करून न राहणारे आणि बाई-पुरुष या दोन चौकटींत न बसणारे, दोघांनाही एकाच कायद्यात बसवलं गेलं. सरकारला कोणती माणसं सरळ वाटत होती, हे यावरून स्वच्छ कळतं.

सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा 1911 साली मुंबई इलाख्यालाही लागू करण्याची सोय झाली. त्याची कलमं एकदा शांतपणे वाचावीत. जमात एकदा जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येत नसे. नोंद झालेल्याच्या बोटांचे ठसे घेतले जात, त्याला हजेरी द्यावी लागे, मुक्काम हलवायचा तर कळवावं लागे. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं कैद, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारनं स्वतःकडे घेतला होता. सहा वर्षांच्या पोराला कायद्यानं आईपासून तोडता येत होतं, ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

ही माणसं त्याआधी करत काय होती? बंजारे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून नेत. कैकाडी गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या, कणग्या विणून देत. पारधी शिकार करत, शेताची राखण करत. गावांना त्यांची गरज होती. पाटलाच्या परवानगीनं दोन-तीन दिवस पाल पडे, कामं होत, बिऱ्हाड पुढं सरके. 1860 साली रेल्वे सोलापुरात पोचली आणि मालवाहतूक तिच्याकडे गेली. मिठावर कर बसला. 1878 च्या कायद्यानं जंगलावर सरकारचा ताबा घट्ट झाला. पोटाची एकेक वाट बंद होत गेली, तरी माणसं फिरतच राहिली. सारा नाही, सातबारा नाही, गाव नाही. अशा माणसावर नजर ठेवायची कशी, हा सरकारपुढचा खरा प्रश्न होता.

मुंबई इलाख्यात या कामावर ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याची नेमणूक झाली. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूर सोयीचं होतं, कारण इथं कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना मजूर हवे होते. इथल्या वसाहतीचं काम अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवलेलं होतं. माणसं हजेरी देऊन गिरणीत जायची, सुटी झाली की पुन्हा तारेच्या आत. वर्तन चांगलं दिसलं तर कुटुंबाला तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळे. आजच्या पत्त्यातला ‘फ्री’ तिथून आला. स्टार्ट आणि मिशनरी यांच्या मनात काही कपट होतं असं मला वाटत नाही. त्यांनी शाळा काढल्या, कामं मिळवून दिली, आणि त्या शाळांतून शिकलेली पिढी पुढं उभीही राहिली. पण ज्याचा गुन्हाच नाही त्याला सुधारण्यासाठी कोंडून ठेवणं हा अन्यायच, मग तो कितीही कळवळ्यानं केलेला असो.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असंही नाही. फ्रान्सनं 1912 साली भटक्यांना मोजमापं आणि बोटांचे ठसे असलेली ओळखवही सक्तीची केली. ती 1969 मध्ये गेली, तिच्या जागी दुसरी आली, आणि तीही रद्द व्हायला 2017 साल उजाडलं.

मुंबई प्रांतानं गुन्हेगार जमाती कायदा 1949 मध्ये रद्द केला. देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. 1960 साली पंडित नेहरू सोलापुरात आले तेव्हा त्यांच्या हस्ते तारा तोडल्या गेल्या, असं चळवळीतली जुनी माणसं अभिमानानं सांगतात. पण त्याच्या आदल्या वर्षाचं कायद्याचं पुस्तक उघडून पाहा. 1959 च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यानं नोंदवही पुन्हा आणली, यावेळी जातीचं नाव न घेता. आणि त्याच सालच्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी गाणं, नाच, भविष्यकथन, कसरत करून पैसे मागणं ‘भीक’ ठरवलं. डोंबारी, नंदीवाले, जोशी यांची पिढीजात कला त्यात सरळ सापडली.

कागदाचा जाच आजही आहे. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढताना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना कुठल्याच गावानं आठवडाभर टिकू दिलं नाही, त्यांच्याकडे राहिल्याचा पुरावा मागायचा, यात कसला न्याय आहे? लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीनं गौरवलं, आपण ती पुस्तकं वाचून हळहळलो. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही पारधी वस्तीकडेच वळते. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की विमुक्त जमातीचा आहे एवढ्यावरून कुणालाही सराईत गुन्हेगार धरता येणार नाही.

या दिवाळीत तुमच्या गावाबाहेर एखादं पाल पडलेलं दिसेल. त्यातल्या मुलांची नावं जवळच्या शाळेत घालायला शिक्षकांना सांगा. दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात एक फेरी मारा. आणि गावात काही चोरीला गेलं, तर पुरावा हाती नसताना त्या पालाकडे बोट दाखवू नका, दुसऱ्यालाही दाखवू देऊ नका.