'सोप्पं आहे, एक ओळ टाक!'

हॉस्टेलवर उबुंटू टाकणं आता कुणालाही जमतं. खरी मजा नंतर असते. ज्युनियर विचारतो, 'विंडोजचा डी ड्राइव्ह दर वेळी आपोआप उघडायला काय करू?' आपण ऐटीत सांगतो, 'सोप्पं आहे, एफएसटॅबमध्ये एक ओळ टाक,' आणि आपलीच ओळ त्याला कॉपी करून देतो. तो ती टाकतो, रीस्टार्ट करतो. दीड मिनिट काहीच नाही, मग काळ्या स्क्रीनवर 'इमर्जन्सी मोड'. उद्या सबमिशन आणि रिपोर्ट आत अडकलेला!

झालं काय? एफएसटॅब ही ईटीसी फोल्डरमधली साधी टेक्स्ट फाइल. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं, हे सिस्टीम सुरू होताना त्यात वाचते. ओळीत सहा रकाने. पहिल्यात पार्टिशनची ओळख, म्हणजे यूयूआयडी. हा नंबर प्रत्येक पार्टिशनचा वेगळा! आपला नंबर त्याच्या मशीनवर नाहीच, म्हणून सिस्टीम ९० सेकंद वाट बघते आणि थांबते. 'इथे तुमचा नंबर घाला, तो एलएसबीएलके -एफ या कमांडने दिसेल' हे एक वाक्य आपण गाळलेलं असतं. आपल्याला ते इतकं सवयीचं की लिहावंसंच वाटत नाही.

अशी बरीच वाक्यं आहेत. सुडोचा पासवर्ड टाइप करताना बऱ्याच सिस्टीमवर साधा तारासुद्धा उमटत नाही. नवख्याला वाटतं कीबोर्ड गेला. कमांडच्या आधीचं डॉलरचं चिन्ह टाइप करायचं नसतं, हेही सांगावं लागतं (हसू नका!).

मग क्रम. आधी मूळ फाइलची कॉपी, मग जोडायचं फोल्डर तयार करणं, मग ओळ. चौथ्या रकान्यात 'नोफेल' लिहिलं की पार्टिशन सापडलं नाही तरी मशीन सुरू होतं. रीस्टार्टच्या आधी 'माउंट -ए' चालवून बघायचं. पण इथे गोम आहे: 'नोफेल' असताना नंबर चुकला तरी एरर येत नाही. म्हणून 'एरर नाही म्हणजे झालं' असं लिहू नये. 'फोल्डर उघडा, तुमच्या फायली दिसायला हव्यात' असं लिहावं. फायली दिसतात पण सेव्ह होत नाहीत? मग बहुतेक विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू आहे, ते विंडोजमध्ये जाऊन बंद करायचं.

वर तारीख आणि व्हर्जनही हवं. २०१७ मध्ये उबुंटू १७.१० पासून नेटवर्कची सेटिंग्ज नेटप्लॅनकडे गेली, आणि त्याआधीची पानं वाचून लोक भलतीच फाइल एडिट करत बसतात.

आणि उलटा रस्ता! पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालू करा, डिस्कवरची तीच फाइल उघडा, आपल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका; सिस्टीम ती ओळ सोडून देते. हे मात्र कागदावर द्या. बंद पडलेल्या मशीनमध्ये सेव्ह करून काय उपयोग?

लिहून झालं की फर्स्ट इयरच्या कुणाला तरी समोर बसवा आणि स्वतः तोंडाला कुलूप लावा. तो जिथे मान वर करून बघेल, तिथे पेन्सिलने खूण करा.