एका सर्व्हरवर अनेक पेढ्यांचे टपाल

भुसावळच्या बाजारात चार व्यापारी मिळून एक गोदाम भाड्याने घेतात, तेव्हा छप्पर एक आणि कुलपे चार असतात. ई-मेलचेही तसेच आहे. लहान पेढीला स्वतःचा सर्व्हर परवडत नाही. म्हणून एकाच सर्व्हरवर अनेक कंपन्यांचे टपाल ठेवले जाते. पत्त्यातील डोमेनचे नाव पाहून सर्व्हर ज्याचे पत्र त्याच्या पेटीत टाकतो.

सोय स्वस्त आहे, पण धोका शेजाऱ्याचा. त्याने हजारो नको असलेल्या जाहिराती धाडल्या, की सर्व्हरचा आयपी क्रमांकच काळ्या यादीत जातो. मग आपले बिल वा कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडते आणि ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.

व्यापारी बंधूंना आम्ही सुचवतो : डोमेन एजंटाच्या नव्हे, आपल्या पेढीच्या नावावर नोंदवा, सर्व्हर बदलला तरी पत्ता तोच राहील. एसपीएफ व डीकेआयएम या दोन्ही नोंदी करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला त्यांपैकी किमान एक सक्तीची आहे. जुन्या पत्रांची प्रत आपल्याकडे ठेवा. एका ग्राहकाला तासाला किती पत्रे पाठवता येतात, हे करारापूर्वी विचारा. मर्यादाच नसेल, तर दुसरे गोदाम पाहावे हे उत्तम.