फिश टँकमधला ‘सकर’ नदीत सोडताय? आधी उजनीत काय झालं ते वाचा

फिश टँकच्या काचेला तोंड चिकटवून बसणारा काळपट, ठिपकेदार मासा पाहिलाय? दुकानात तो ‘सकर’ किंवा ‘क्लीनर’ नावाने मिळतो. शेवाळ खातो, म्हणून लोक घेतात. बोटाएवढा आणलेला हा मासा दीड फुटापर्यंत वाढू शकतो. मग टाकी पुरत नाही, मारवतही नाही आणि त्याची रवानगी नदीत होते. हेतू वाईट नसतो, पण भुर्दंड मच्छीमाराला पडतो.

मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी जलाशयात जाळ्यात येऊ लागला आहे. उजनी भीमेवर आहे आणि पुण्याच्या मुळा-मुठेचं पाणी तिथेच जातं. त्यामुळे संशय शहरातल्या फिश टँकवर जातो.

त्याच्या अंगावर हाडासारखी कडक कवचं आणि परांना काटे असतात. जाळ्यात अडकला की सहज सुटत नाही. ओढून काढावं तर जाळं फाटतं, हात कापतो. एवढं करून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

बरं, तो मरतही नाही लवकर. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून ऑक्सिजन घेतो. अंग ओलं असेल तर पाण्याबाहेरही कित्येक तास जगतो. अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत बिळं कोरली जातात, त्यामुळे काठ ढासळतात. नर अंड्यांची राखण करतो, म्हणून पिल्लं वाचण्याची शक्यता वाढते.

2020 मध्ये तो वाराणसीला गंगेत सापडला. शेजारच्या तेलुगू भागात त्याला ‘डेव्हिल फिश’ म्हणतात. पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून त्याचा माग काढण्याची पद्धत हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने विकसित केली आहे.

मग उमरीकरांनी काळजी का करायची? तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. भीमा मिळते कृष्णेला, गोदावरीला नाही. म्हणजे उजनीतला सकर पोहत इथे येणार नाही. त्याला आणेल ती दुकानातली पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी. विष्णुपुरी किंवा बाभळीच्या बंधाऱ्यातलं साठलेलं पाणी त्याला सहज मानवेल.

मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाला द्या. विहीर, गावतळं, विसर्जनाचा घाट नकोच. आणि गळाला लागला तर ‘जाऊ दे बिचारा’ म्हणत परत पाण्यात टाकू नका. फोटो काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा.