मुलाखतीतील अवघड प्रश्न : आपल्या मुलामुलींनी उत्तर कसे द्यावे?



या पानावर एरवी आपण बेणे, खत आणि खोडकिडा यांविषयी बोलतो. पण भांडगाव, यवत, केडगाव भागात ऊसनोंदीसाठी फिरताना अलीकडे दुसराच प्रश्न कानावर येतो : "साहेब, पोरगं लेखी परीक्षेत पास होतंय, पण मुलाखतीत मागं पडतंय. तिथं विचारतात तरी काय?" वाटण्या होऊन रान थोडे थोडे उरले आहे. घरातले एक माणूस पगारावर असले तर उसाचे बिल येईपर्यंत घर तरते. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेतला आहे. भरतीच्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसून जे दिसले त्यावरून चार गोष्टी सांगतो.

मुलाखत कोठे असते?

सगळ्याच नोकऱ्यांना मुलाखत नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेत कारकुनाला मुलाखत नाही. अधिकाऱ्याला आहे, आणि तेथे बहुतेक सरकारी बँकांत लेखी व मुलाखतीच्या गुणांचे प्रमाण ८०:२० असते. राज्यसेवेच्या २०२५ पासूनच्या नव्या पद्धतीत मुलाखतीला २७५ गुण आहेत. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्या आणि साखर कारखाने यांत मात्र बहुतेक निकाल समोरासमोरच लागतो.

विचारणाऱ्याला हवे काय?

प्रश्न कितीही वाकडा असो, त्यामागे तीनच शंका असतात : याला काम येते का? हा टिकेल का? हा खरे बोलतो का? प्रश्न कानावर पडला की यातली कोणती शंका आहे ते ओळखावे. मग उत्तर निम्मे सोपे होते.

१. "स्वतःबद्दल सांगा." येथे बरीच मुले नाव, गाव, वडिलांचे नाव सांगून गप्प होतात. ते तर अर्जात लिहिलेलेच असते. शिक्षण, केलेले काम आणि या जागेशी त्याचा संबंध, असे एक-दीड मिनिटात सांगावे. "मी डिप्लोमा केला. घरच्या तीन एकर उसाला ठिबक मीच बसवले. व्हॉल्व्ह, फिल्टर, पंप यांची देखभाल मी करतो. म्हणून देखभाल विभागात अर्ज केला." एवढे पुरे. आपण ज्याला घरचे काम म्हणतो तो अनुभवच असतो.

२. "मधली दोन वर्षे काय करत होता?" "घरीच होतो" हे उत्तर देऊ नये, घरी असताना काय केले ते सांगावे. वडील आजारी होते, शेती पाहिली, तोडणीच्या पाळ्या सांभाळल्या, मजुरांचा हिशेब ठेवला, हे सांगण्यात कमीपणा नाही. परीक्षेत अपयश आले असेल तर तेही एका वाक्यात सांगून टाकावे. रडगाणे नको. आणि न केलेल्या नोकरीचा दाखला तर मुळीच नको. एक दूरध्वनी केला की तो उघडा पडतो, आणि त्याबरोबर खरी असलेली बाकीची माहितीही संशयात जाते.

३. येत नाही असा तांत्रिक प्रश्न. समजा विचारले, "रसाची शुद्धता कशी काढाल?" माहीत असेल तर उदाहरणाने सांगावे : ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण, पोल म्हणजे त्यातील साखर. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५ टक्के. माहीत नसेल तर ठोकून देऊ नये. "सूत्र आत्ता सांगता येत नाही. पण हस्त रिफ्रॅक्टोमीटरने मी रानात ब्रिक्स पाहिला आहे. बुडख्याच्या आणि शेंड्याच्या रसातला फरक कमी झाला की ऊस पक्व झाला असे समजतो." म्हणजे येत नाही ते कबूल केले आणि येते ते पुढे ठेवले. समोरचा माणूस अशा उमेदवाराला शिकवायला तयार होतो.

४. "तुम्ही शेतकरी. हंगामात रजा टाकून गावी बसाल." राग मानू नये, ही टिकण्याची शंका आहे. घरची व्यवस्था सांगावी : "रान भाऊ पाहतो. पाळीची ड्यूटी मला चालेल." अर्थात घरी तसे ठरलेले असेल तरच. हे आधी चुलीपाशी ठरवून मग मुलाखतीला जावे.

५. "लग्नानंतर नोकरी सोडाल का?" हा प्रश्न मुलींनाच येतो. १९७६ च्या समान वेतन कायद्याने, केवळ स्त्री म्हणून भरतीत डावलण्यास मनाई केली. तोच नियम पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आला. मुलीने शांतपणे म्हणावे, "मी नोकरी करण्यासाठीच शिकले आहे. कामाच्या वेळा मला मान्य आहेत." यापुढे घरातले खुलासे देण्याचे कारण नाही.

६. "पगार किती हवा?" "द्याल तेवढा" म्हणू नये. त्या कामाला आसपास काय मिळते ते आधी विचारून ठेवावे आणि आकडा सांगावा. आपणही विचारावे : नेमणूक थेट कंपनीची की कंत्राटदारामार्फत? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का? हे विचारणे उद्धटपणा नव्हे.

भाषेची भीती

इंग्रजी अडखळले की मुलांचा धीर सुटतो. "मराठीत सांगितले तर चालेल का?" असे सरळ विचारावे. राज्य लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीतही मराठीत बोलता येते. मात्र आपल्या कामाचे इंग्रजी शब्द पाठ असावेत, कारण यंत्रावर तेच लिहिलेले असतात.

पालकांसाठी

चिठ्ठीच्या मागे फार धावू नये. चिठ्ठी दारापर्यंत नेते. आतल्या खुर्चीवर पोरालाच बसावे लागते. नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नये. त्यापेक्षा आठ दिवस रोज संध्याकाळी पोराला किंवा पोरीला समोर बसवून वरचे सहा प्रश्न विचारावेत. उत्तर मोठ्याने द्यायला लावावे. मनातल्या मनात सगळ्यांनाच येते. पहिले दोन दिवस हसू येईल, तिसऱ्या दिवशी आवाज स्थिर होईल. आत्मविश्वास म्हणजे मोठ्याने बोलणे नव्हे, आपण काय सांगणार हे आधी ठाऊक असणे.

मुलाखत झाल्यावर विचारलेले प्रश्न त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावेत. निवड झाली नाही तर पुढच्या वेळी त्या वहीचा उपयोग होईल. निवड झाली तर ती वही गावातल्या दुसऱ्या मुलाला द्यावी.

— ऊस विकास अधिकारी